इंग्रजीतला ‘पक्का’ कसा वापरायचा अन् तो आला कुठून

परवा भाचीनं मोबाईलवर एका ब्रिटिश शेफचा व्हिडिओ दाखवला, तो घास खातो अन् ‘पका!’ म्हणतो, मामा हा आपलाच पक्का हाय का? आपलाच हाय बाई. जेमी ऑलिव्हर नावाचा ब्रिटिश शेफ १९९९ ला टीव्हीवर आला तेव्हापासून हा शब्द त्याच्या तोंडून लई गाजला, पण इंग्रजीत तो कितीतरी आधीपासून आहे.

वापरायचा असेल तर आधी हे बघा, आपल्या पक्क्याला लई अर्थ आहेत, उद्या येतो पक्कं, पक्का चोर, मोंढ्यातली पक्की पावती. इंग्रजाच्या रोजच्या बोलण्यात मुख्य दोनच उरलेत, अस्सल आणि एक नंबर. जेवण पक्का, बूट पक्का असं चालतं, पण ‘पक्कं येतो’ म्हणायचं असेल तर तिथं शुअरच म्हणा. उच्चार करताना ‘क्क’ दाबायचा नाही, ‘पका’ म्हणायचं. परीक्षेच्या निबंधात, नोकरीच्या अर्जात नको, हा बोलण्यातला शब्द आहे. आणि कौतुक म्हणून कुणाला ‘पक्का साहिब’ म्हणू नका, त्याला गोऱ्या साहेबी राजवटीचा वास आहे.

आता मूळ. त्यासाठी वीटभट्टीवर जा. उन्हात वाळवलेली ती कच्ची, भट्टीत भाजलेली ती पक्की, दोन पक्क्या विटा एकमेकींवर हाणल्या की खणकन वाजतात, कच्ची नुसती भद्द करते. गावात माळवद पाडून सिमेंटचं बांधलं की आपण म्हणतो ना पक्कं घर झालं, तोच फरक ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांनी इथं विटांत, रस्त्यांत, शेराच्या मापात ऐकला (पक्का शेर कच्च्यापेक्षा जड असायचा) आणि शब्द उचलून नेला. यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या शब्दांचा कोश, १८८६ ला निघाला, त्यात हे कच्चं-पक्कं नोंदवलेलं आहे. कच्चा मात्र तिकडच्या बोलण्यात रुजला नाही.

अजून मागं गेलं की संस्कृतातलं पक्व, म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. साखरेचा पाक त्याच घरातला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की इंग्रजीतला कुकसुद्धा लॅटिनमधून त्याच जुन्या मुळावरून आलाय, म्हणजे शेफ जेवणाला पक्का म्हणतो तेव्हा दोन लांबचे भाऊ एकाच चुलीपाशी बसलेले असतात.

दुसऱ्या कुठल्या शब्दाचं मूळ शोधताना असंच करा, जुनी नोंद कधीची, शब्द नेला कुणी आणि मधे अर्थ कसा सरकला. नुसत्या गोड गोष्टीवर जाऊ नका. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, हिंदुस्थानच्या बोटीवरच्या सावलीच्या केबिनी, येताना डाव्या बाजूच्या अन् घरी परतताना उजव्या, असं लई लोक सांगतात, पण तसं छापलेलं एक तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही.

भाचीला आता ‘कुशी’ दिलाय. आरामाच्या नोकरीला इंग्रज कुशी जॉब म्हणतात, ‘खुश’वरून तिथवर कसा गेला ते तिनंच शोधून सांगायचंय.