सोनेरी बुद्धमूर्ती घासू नका, आणि इतर चुका

अशोक विजयादशमी जवळ आली की नागपुरातल्या विहारांमध्ये साफसफाई निघते आणि मला फोन यायला लागतात. चूक दरवर्षी तीच. मूर्तीला पितळेचा गडवा समजून चिंच लावलेली असते.

विहारांतल्या ज्या सोनेरी मूर्ती नेपाळातल्या पाटणच्या असतात, त्या बहुधा तांब्याच्या. नेवार कारागीर मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर मातीचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या जागी तांबं ओततात. मग पाऱ्यात मुरवलेल्या सोन्याचा लेप. आच दिली की पारा उडून जातो, सोनं राहतं. चिंचेनं सोन्याला काही होत नाही हे खरं, पण घासण्यानं होतं.

उत्तर नागपुरातल्या एका विहारात भांड्यांची पावडर आणि काथ्या घेऊन मंडळी बसली होती. ‘पाहा न भाऊ, कसं चमकून राहिलं!’ एक काकू म्हणाल्या. चमकत होतं ते लाल तांबं. नाक, गुडघे आणि भूमिस्पर्श मुद्रेतली उजव्या हाताची बोटं. मोहात पाडणाऱ्या माराने आव्हान दिल्यावर बुद्धांनी ज्या बोटांनी पृथ्वीला साक्षीला बोलावलं, नेमकी तीच. डोळे तर पुसूनच गेलेले. चेहऱ्यावर बरेचदा सोन्याची पूड सरसात कालवून लावतात, वर डोळे-ओठ कुंचल्यानं काढतात. तिथे ओलं फडकंही चालत नाही. तेवढ्यात एक पोरगा सोनेरी स्प्रे घेऊन आला, ‘दहा मिनिटांत नवी करतो.’ ही दहा मिनिटंवाली जमात मला सहन होत नाही. स्प्रेखाली उरलंसुरलं सोनंही दडतं, आणि तो काढायला द्रावण लावलं की चेहरा जातो. उघडं पडलेलं तांबं तसंच राहू द्या. माझ्याकडे चेहऱ्याला पावडर लावायचा मऊ, कोरडा ब्रश असतो, बाकी काही नाही.

दुसरी खोड, बुडाचा पत्रा उचकटणं. त्यावर दुहेरी वज्र कोरलेलं असतं. आत मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, सुगंधी लाकूड. एक तरुण मला म्हणाला, ‘आपण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञावाले, हे काहून मानायचं?’ नको मानूस बाबा! मीही मंत्रांपुढे हात जोडत नाही. पण ज्यांनी भरलं त्यांच्यासाठी मूर्ती त्यामुळेच पूर्ण होते, आणि उचकटलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. आत सोनं शोधणाऱ्यांना तर मी दारातूनच परत पाठवतो. सोनं बहुधा वरच असतं, तेही श्रीमंती दाखवायला नाही. बुद्धांच्या अंगी मानलेल्या महापुरुषाच्या ३२ लक्षणांत सोन्यासारखी कांती आहे, म्हणून.

प्रभावळ धरून मूर्ती उचलू नका, बुडाखाली हात घाला. मेणबत्ती हातभर लांब ठेवा. लाफिंग बुद्धा म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत, तो चीनमधला बुदाई नावाचा भिक्खू. घरी पाऱ्यानं मुलामा देण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका, ती वाफ विषारी असते. आणि मे महिन्यात तुम्हाला कितीही उकडो, कूलरचा झोत थेट मूर्तीवर सोडू नका. त्या ओलाव्यानं तांब्यावर हिरवट डाग धरतात.