बोराकायला जाताय? आधी विचारा, सांडपाणी खय जाता

माझं घर मालवणजवळच्या देवबागात आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं की मला झोप येत नाही आणि शोषखड्डा भरत आला की बायकोला. अशी माणसं फिरायला गेली तरी समुद्राआधी गटार बघतात. त्यामुळे फिलिपिन्सच्या बोराकाय बेटावर कसं जावं हे मी सांगणार ते जरा त्याच बाजूने सांगणार, हे आधीच कबूल करतो.

बोराकाय केवढं, तर साधारण १० चौरस किलोमीटर. पश्चिमेला व्हाइट बीच नावाची चारेक किलोमीटरची पांढरी वाळू. पिठासारखी मऊ, आणि भर उन्हातही पायाला चटका बसत नाही. या वाळूसाठी २०१७ साली वीस लाखांच्या आसपास माणसं तिथे आली. पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या गटारांत हॉटेलांनी आपलं सांडपाणी सोडलं आणि ते गेलं थेट समुद्रात. बेटावरच्या पाणथळ जागा भरून त्यांवर इमारती उठल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी बेटाला चक्क मैल्याचा खड्डा म्हटलं, आणि २६ एप्रिल ते २६ ऑक्टोबर असे सहा महिने बेट पर्यटकांसाठी बंद ठेवलं. त्या सहा महिन्यांत हजारो लोकांचा रोजगार गेला. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात तेवढ्यात घराघरात हिशेब कोलमडतो. तिथे तर ऐन उन्हाळ्यात कुलूप लागलं होतं.

बेट पुन्हा उघडलं ते मोजमाप करून. एका वेळी बेटावर जास्तीत जास्त १९,२१५ पर्यटक, दिवसाला नव्याने येणारे ६,४०५. हा आकडा कागदावर छान दिसतो, पण २०२२ च्या ईस्टरच्या आठवड्यात तो ओलांडला गेला. म्हणून पहिला सल्ला हाच की ईस्टरचा आठवडा, नाताळ ते नवं वर्ष आणि चिनी नववर्ष हे दिवस टाळा. तुमच्या चार दिवसांनी काय होणार असं वाटेल. आमच्याकडे ३१ डिसेंबरला येणारा प्रत्येक पाहुणाही हेच म्हणतो.

मग जायचं कधी? तिथे दोन वारे. नोव्हेंबर ते मेपर्यंत ईशान्येकडून वाहतो तो अमिहान, जून ते ऑक्टोबर नैर्ऋत्येकडून येतो तो हाबागात. हाबागात म्हणजे आपलाच मोसमी वारा. अमिहानात व्हाइट बीच तळ्यासारखा शांत असतो आणि पूर्वेच्या बुलाबोग किनाऱ्यावर वाऱ्याचा जोर, तिथे पतंग बांधून लाटांवर पळणारे जमतात. हाबागातात उलट होतं. बहुतेक लोक डिसेंबर ते एप्रिल निवडतात. तुम्हाला निळंशार पाणीच हवं असेल तर नोव्हेंबरचे पहिले आठवडे बरे, गर्दी अजून चढलेली नसते. आम्ही २०२५ च्या सप्टेंबरात गेलो, गणपती विसर्जन करून. तेव्हा आमचाही धंदा थंड असतो आणि खोल्या तिथेही स्वस्त असतात. पाऊस लागला, पण संततधार नाही. सकाळ उघडी, दुपारी सर. समुद्र मात्र व्हाइट बीचवर खवळलेला होता, पोहायला बुलाबोगला जावं लागलं. पाण्याची भीती असणाऱ्यांनी या दिवसांत जाऊ नये. वादळाचं तर कुठल्याच महिन्यात सांगता येत नाही. २०१९ मध्ये ऐन नाताळात तिथे टायफून धडकला होता.

कागदपत्रं आता सोपी झाली आहेत. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा, एवढं हाताशी ठेवा. फिलिपिन्सला पोहोचण्याआधी ७२ तासांच्या आत ई-ट्रॅव्हल नावाची सरकारी नोंदणी करायची असते. ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करून टाका, माझ्या पुतण्याने तिथेच दोन हजार घालवले.

आम्ही गोव्यातल्या मोपाहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर, तिथून मनिला असे गेलो. मनिलाहून बेटाला जवळचा विमानतळ कातिक्लान. तिथून धक्का इतका जवळ की सामान कमी असेल तर रिक्षाचीही घाई नको. दुसरा विमानतळ कालिबो, तिकीट बऱ्याचदा स्वस्त, पण तिथून धक्क्यापर्यंत सुमारे ७० किलोमीटर व्हॅनमध्ये बसायचं, म्हणजे दीड-दोन तास. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी कालिबोत आती-आतिहान हा मोठा उत्सव असतो. बघायचा असेल तर कालिबोच बरं, नाहीतर कातिक्लान. वाऱ्या-पावसात कातिक्लानची विमानं रद्द होतात, म्हणून परतताना मनिलात एक मुक्काम मोकळा ठेवा. आम्ही ठेवला नव्हता. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं आणि पुढचं तिकीट पाण्यात गेलं.

आता खोली. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. बेटावर उतरायला मान्यताप्राप्त हॉटेलचं बुकिंग लागतं, धक्क्यावर ते दाखवावं लागतं. तेवढं बघून थांबू नका. ५० किंवा त्याहून जास्त खोल्या असलेल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांना आता स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्र बसवणं बंधनकारक आहे, त्याहून लहान असलेल्यांनी मिळून बसवायचं किंवा गटारवाहिनीला जोडून घ्यायचं. म्हणून बुकिंगआधी ईमेल करून सरळ विचारा, तुमचं सांडपाणी कुठे जातं? मी सहा ठिकाणी विचारलं. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने किनाऱ्याचे फोटो पाठवले. एकीने लिहिलं की मी मालकांना विचारून सांगते, आणि खरंच दुसऱ्या दिवशी सांगितलं. सहाव्याने तर यंत्राचा फोटोच पाठवला, झाकण उघडून. आम्ही त्याच्याकडे राहिलो. स्टेशन तीनच्या मागच्या गल्लीत, समुद्र दिसत नव्हता, पण चालत चार मिनिटांवर होता. गेल्या-गेल्या बायको मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि वास घेतला. म्हणाली, "वास नाय येणा. ऱ्हवाया हयसरच."

स्टेशन म्हणजे रेल्वे नव्हे. पूर्वी होड्या जिथे लागत त्या तीन जागांवरून व्हाइट बीचचे भाग ओळखले जातात. स्टेशन एक उत्तरेला, वाळू रुंद आणि खोल्या महाग. स्टेशन दोनमध्ये दुकानं, गोंगाट, सगळं. स्टेशन तीन दक्षिणेला, शांत आणि खिशाला परवडणारं. बायका-मुलं घेऊन जाणाऱ्यांनी तीनमध्ये राहावं आणि खायला दोनपर्यंत चालत यावं.

कातिक्लानच्या धक्क्यावर पर्यावरण शुल्क, टर्मिनल शुल्क आणि होडीचं भाडं भरायचं असतं. परदेशी माणसाला पर्यावरण शुल्क ३०० पेसो. एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. सुट्टे पेसो जवळ ठेवा. होडी दहा-पंधरा मिनिटांत बेटावरच्या काग्बान धक्क्याला लावते. हाबागातात लाटा वाढल्या की मात्र जागा बदलते, अलीकडे ताबोन आणि पलीकडे ताम्बिसान. आम्हाला तसंच नेलं. जेटी बदलली म्हणून काही प्रवासी कावरेबावरे झाले, पण ज्यांनी कोकणात बोट पकडली आहे त्यांना यात नवल नाही. पुढे विजेवर चालणाऱ्या तीनचाकी असतात, त्यांना ई-ट्राइक म्हणतात. बसण्याआधी भाडं ठरवा. "माग्कानो?" म्हणजे किती? हा एक शब्द आणि "सालामात" म्हणजे आभार, एवढ्यावर आमचे आठ दिवस निघाले.

किनाऱ्याचे नियम गंमत म्हणून घेऊ नका, शिट्टी घेतलेले लोक फिरत असतात. वाळूवर दारू नाही, सिगारेट नाही. खाटा आणि छत्र्या मांडायच्या नाहीत, म्हणून अंथरायला एक जुनं सुती लुगडं न्या. आम्ही नेलं होतं, दोन फिलिपिनी आज्ज्या हात लावून कापड बघून गेल्या. परवानगीशिवाय वाळूचे मोठे किल्ले बांधायचे नाहीत. रॉकेलचे पेटते गोळे फिरवून नाच व्हायचे ते बंद झाले, आता दिव्यांचे नाच होतात. किनाऱ्यालगतचा ३० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा म्हणून पुढे सरकलेले बार आणि भिंती पाडल्या गेल्या. पूर्वी जाऊन आलेल्यांना किनारा रुंद झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. लहान मूल बरोबर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोणीतरी बाळाचं डायपर वाळूत पुरलं, त्याचा व्हिडिओ फिरला आणि किनाऱ्याचा तो तुकडा स्वच्छतेसाठी बंद करावा लागला. डायपरसाठी घट्ट झाकणाचा डबा बरोबर न्या आणि खोलीवर आणून टाका. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, बाटली आणि कापडी पिशवी घरूनच न्या. उन्हाच्या क्रीमचे थर देण्यापेक्षा लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून पाण्यात उतरा, प्रवाळाला तेच बरं.

जेवणात आपल्या माणसाला अडचण नाही, तो मासे खात असेल तर. बाजाराला तिथे तालिपापा म्हणतात. मासळी स्वतः निवडायची, वजन करून घ्यायची आणि शेजारच्या खानावळीत शिजवायला द्यायची. याला पालुतो म्हणतात, शिजवण्याचे पैसे वेगळे. तांगिगे म्हणजे आपलं इसवण, लापु-लापु म्हणजे गोबरा, पुसित म्हणजे माकुल. डोळे आणि गालफडं बघून घ्या, दुकानदारीणही ओळखते की समोर कोण उभं आहे. बायकोने एक इसवण परत ठेवायला लावलं तेव्हा ती हसली आणि खालच्या बर्फातलं दुसरं काढलं. गिनातान सांगितलंत तर नारळाच्या रसात शिजवून मिळेल, सिनिगांग म्हणजे चिंचेचं आंबट पातळ. तिरफळं नाहीत एवढीच उणीव. शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावं. भाज्यांच्या पिनाकबेतमध्येही बागूंग नावाचं आंबवलेल्या कोळंबीचं वाटण असतं, आणि पातिस हा माशाचा रस कशातही पडतो. "वालांग बागूंग, वालांग पातिस", म्हणजे ते दोन्ही नकोत, हे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. सोमवारी बायकोने चिठ्ठी दाखवून भात, फोडणी घातलेली कांगकोंग नावाची पालेभाजी आणि अंडं मिळवलं. अंडं परत पाठवलं.

काय बघावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, मी तीनच सांगतो. पाराव नावाच्या दोन बाजूंना बांबू असलेल्या शिडाच्या होडीतून संध्याकाळी फिरा, इंजिन नसतं, फक्त पाण्याचा आवाज. समुद्र शांत असेल तरच, आम्हाला आठ दिवसांत एकच संध्याकाळ मिळाली. उत्तरेला पुका किनारा, तिथे वाळू भरड आणि शिंपल्यांची, माणसं थोडी. आणि याच उत्तरेकडच्या यापाक भागात अंधार पडताना आकाशात मोठी वटवाघळं बघा, फळं खाणारी. त्यांची संख्या कमी होत गेली आहे. खाली उभं राहून टॉर्च मारू नका.

बेटाचे मूळ रहिवासी आती लोक. पर्यटन वाढलं तसे ते कोपऱ्यात ढकलले गेले. २०१८ मध्ये सरकारने त्यांना जमिनीचे दाखले दिले, पण पुढे त्यांवर हरकती आल्या आणि काही कुटुंबांना त्या जमिनीवरून बाहेर पडावं लागलं. त्यांची वस्ती बघायला म्हणून घुसू नका. त्यांच्या हातच्या वस्तू विकायला दिसल्या तर घासाघीस न करता घ्या. मी एक टोपली घेतली, आता तिच्यात आमची कोकमं सुकतात.

परतीच्या दिवशी विमानाच्या किमान तीन तास आधी खोली सोडा, होडी आणि रांग दोन्हीला वेळ लागतो. बेटावरची वाळू बाहेर नेण्यास बंदी आहे, बाटलीत भरून आठवण वगैरे काही नाही. शिंपलेही तिथेच राहू द्या. आम्ही ताम्बिसानच्या धक्क्यावर बसून चपला झटकल्या, पिशव्या उलट्या केल्या. बायकोच्या पर्सच्या कप्प्यातून दोन छोटे शिंपले निघाले, पहिल्या दिवशीचे. तिने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. मग ती उठली आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली.