चेक लाइट येते-जाते? सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये ट्रक उभा असतो तोवर सगळं ठीक. माल भरून शिळफाट्यावरून मुंब्रा बायपासचा चढ लागला की चेक लाइट, म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिन बिघाडाचा दिवा, पेटते, पिकअप जातो. गॅरेज गाठेपर्यंत लाइट गेलेली. मग अंदाजाने सेन्सर बदलला जातो, पैसे जातात आणि चार फेऱ्यांनी लाइट परत. असा येत-जात राहणारा बिघाड बहुतेकदा वायर नाहीतर कपलरमध्येच (वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये) निघतो.

पहिलं काम वहीचं. लाइट पेटली तेव्हा इंजिन गरम होतं का, खड्डा होता का, पाऊस पडत होता का, हे ड्रायव्हरकडून लिहून घ्या. गरम इंजिन अचानक बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सरवर (इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर) खरोखर संशय घ्यावा. खड्ड्यात पेटत असेल तर वायर, पावसात पेटत असेल तर कपलर.

मग स्कॅनर लावा, पण त्यावर दिसणारा बिघाडाचा कोड लगेच उडवू नका. कोड आणि फ्रीज फ्रेमचे आकडे, म्हणजे कोड आला त्या क्षणी साठवलेले आकडे, आधी उतरवून घ्या. सोबत एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा, दिसत असेल तर ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे आकडा अस्थिर. दोन-तीन सेन्सरचे कोड एकदम आले तर ते सगळे एकाच वेळी खराब झाले असं समजू नका. त्यांना ५ व्होल्ट पुरवणारी वायर किंवा अर्थिंग सामाईक असू शकतं. एक जागा घासली की सगळ्यांचे आकडे बिघडतात.

आता खरी शोधाशोध. गाडी सपाटीवर, चाकांना ठोकळे, केबिन उचलून लॉक. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर चालू आकडे. एकाने पडद्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने हार्नेस (वायरचा जुडगा) वीतभर-वीतभर हलवत जायचं. ब्रॅकेटला घासणारी जागा, टर्बोजवळचा भाग, केबिनच्या बिजागरीपाशी दुमडणारा भाग इथे घाई करू नका. आकडा उडाला, तिथेच हात थांबवा.

कपलर चावी बंद करूनच काढा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवा गंज चढतो, पिना सैल पडतात. मल्टिमीटरची टोकं वायरच्या कव्हरमध्ये मात्र खुपसू नका. त्याच भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं.

रेल, म्हणजे इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी, तिचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरला सहसा तीन वायर असतात: ५ व्होल्ट, अर्थिंग, सिग्नल. इंजिन बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. चालू इंजिनवर रेलचे पाइप अजिबात सैल करू नका, आत दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो.

दुरुस्तीनंतर कोड उडवा, तेवढाच माल भरा आणि त्याच चढावर स्कॅनर लावून गाडी न्या. आकडे बघायला शेजारी दुसरा माणूस बसवा.