आधी चौकट, मग गाव: पीएचडीतली माझी चूक

जगातल्या संवादाच्या प्रश्नांवर युनेस्कोनं नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा १९८० चा अहवाल, १९८४ अखेर अमेरिकेनं युनेस्को सोडणं, हे आंतरराष्ट्रीय संवाद शिकणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. मी अडकले ते दुसरीकडेच. अजून आठवलं की पोटात कालवतं.

माझा विषय होता मराठी जिल्हा दैनिकं. सिद्धांताची चौकट घेतली हॅलिन आणि मान्चिनी या माध्यम-अभ्यासकांची, २००४ ची: पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या १८ देशांवरून काढलेली माध्यमव्यवस्थेची तीन प्रारूपं. प्रत्येक निकषाचा एक्सेलमध्ये रकाना केला. तालुक्याचा वार्ताहर बातम्या देतो आणि वाढदिवसाच्या जाहिरातीही तोच गोळा करतो, म्हणून 'व्यावसायिकता'समोर लिहिलं: कमी. पुढच्या रकान्यात: अभाव. त्याच्या पुढे पुन्हा अभाव. दीड वर्षानं हातात काय, तर मराठी पत्रकारितेत काय काय नाही याची यादी.

सापळा इथेच आहे, नीट बघा. प्रस्तावनेत पाश्चात्त्य पूर्वग्रहावर मी चार पानं टीका केली होती. पण रकाने त्यांचेच ठेवले. टीका प्रस्तावनेत राहिली, मोजपट्टी मात्र तीच. दोष त्या दोघांचा नाही. ही प्रारूपं बाहेर जशीच्या तशी लावू नका, हे त्यांनीच बजावलंय. लावली मी.

मग एका वार्ताहराच्या झेरॉक्सच्या दुकानात आठवडाभर बसले. टँकर आला नाही की बाया थेट त्याच्याकडे येत. बातमीत नाव चुकलं की सकाळी काउंटरवर जाब विचारायला माणूस हजर. जाहिरात देणाऱ्या पुढाऱ्याबद्दल तो जपून लिहायचा, हेही खरं, ते झाकू नका. तिथे मला प्रश्न सापडला: हा माणूस नेमका कुणाला बांधील आहे? माझ्या रकान्यांत या प्रश्नाला जागाच नव्हती.

नाट्यशास्त्राच्या परंपरेतलं साधारणीकरण, म्हणजे एकाचा भाव सगळ्यांचा होणं, ही कल्पना उचलून व्हॉट्सअ‍ॅपला चिकटवणं हा उपाय नव्हे. तीही आयती चौकटच.

पहिल्या भेटीत 'थिअरी कुठली?' एवढंच विचारणाऱ्या गाइडपासून सांभाळा. 'काय पाहिलंस?' विचारणारा मिळाला तर सोडू नका. आणि घरचं वाचा. १९५६ साली पुणे आकाशवाणी आणि युनेस्कोनं मिळून शेतकरी श्रोत्यांचे गट केले होते. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत.

दीड वर्ष गेलं म्हणून खचू नका, माझंही पूर्ण वाया गेलं नाही. ती शीट मी ठेवली, फक्त शेवटी एक रकाना जोडला: 'काय आहे'. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच रकान्यावर विचारले.