फिटच्या ऑपरेशननंतर विसरायला होतंय? या चुका टाळा

फिट थांबवण्यासाठी कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग, म्हणजे टेम्पोरल लोब, काढतात तेव्हा बऱ्याचदा हिप्पोकॅम्पसही जातो. नव्या आठवणी साठवण्याचं काम त्याचंच. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणून डाव्या ऑपरेशननंतर नावं आणि ऐकलेलं लक्षात राहणं जास्त बिघडतं. किसणी समोर असते, तिचं काम ठाऊक असतं, पण नाव सुचत नाही, कोणी ‘कि...’ म्हटलं की लगेच सापडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक ऑपरेशनआधीच होते: स्मरणशक्तीची चाचणी न करणं. आधीचे गुण नसतील तर नंतर किती घट झाली ते ठरवणार कशावरून? चाचणी शक्यतो मातृभाषेत करून घ्या आणि आदल्या दिवशी फिट आली असेल तर तसं सांगा. साधारण 6 महिने ते वर्षभराने ती पुन्हा करा. ‘माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, मला काय धोका?’ असं समजू नका. आकसलेला हिप्पोकॅम्पस मुळात फारसं काम करत नसतो. चांगला चालणारा काढला तर तोटा मोठा होतो. हे सर्जनला आधीच स्पष्ट विचारा.

प्रत्येक विसराळूपणाचं खापर ऑपरेशनवर फोडू नका. टोपिरामेट या फिटवरच्या गोळीने शब्द अडकतात. अपुरी झोप, नैराश्य, अधूनमधून येणाऱ्या छोट्या फिट यांनीही लक्षात राहत नाही, आणि यांवर उपाय आहेत. मात्र गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. फिट लागोपाठ येऊन जिवावर बेतू शकतं.

घरच्यांचं ‘आठव, आठव ना!’ थांबायला हवं. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात पक्कं बसतं. बरोबर नाव सांगा, लगेच म्हणायला लावा, मग 1, 3, 10 आणि 30 मिनिटांनी विचारा. अडलं तर पुन्हा सांगा आणि आधीच्या अंतरावर या.

चिठ्ठ्या दहा ठिकाणी नकोत. वही एकच, तीही रोजच्या जागी. गोळ्यांसाठी सात दिवसांच्या खणांची डबी वापरा: सकाळचा खण रिकामा दिसला की दुसऱ्यांदा घेतली जात नाही.

विसरणं एकाएकी वाढलं, सोबत ताप, उलट्या, तीव्र डोकेदुखी किंवा गुंगी असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.