आंब्यावरचे भिरूड : या चुका टाळा

कलमाची एखादी फांदी सुकू लागली की बागायतदार आधी पाण्याला किंवा खताला दोष देतो. बुंध्याशी पडलेल्या भुशाकडे नजर जातच नाही. गेली तरी ‘वाळवी असेल’ म्हणून विषय संपतो. वाळवी सालीवर मातीचे थर चढवते. भिरूड मात्र चावलेल्या लाकडाचा जाडसर भुसा आणि विष्ठा भोकातून बाहेर ढकलते, बऱ्याचदा तिथून चीकही ओघळतो. हा फरक ओळखता आला नाही, तर पुढचे सगळे उपाय चुकतात.

भिरूड म्हणजे लांब मिशांच्या, राखाडी रंगाच्या भुंगेऱ्याची अळी. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. भुंगेरे पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात, रात्री फिरतात. मादी खोडाची साल कुरतडून त्या खाचेत एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी महिनोन्‌महिने लाकडातच राहते आणि बोटभर लांब होते. ही कीड आपल्याकडची जुनीच. इस्राएलमध्ये ती बाहेरून आली आणि तिथली अंजिराची झाडे पोखरू लागली.

अळी आत आहे, तरी पंप पाठीवर घेऊन पानांवर फवारणी होते! ते औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, मरतात ते मित्रकीटक.

मला सर्वांत जास्त खटकते ती भोक नुसते चिखलाने बुजवण्याची सवय. अळी जिवंत असेल तर ती दुसरीकडून भुसा काढते आणि आपण निर्धास्त राहतो. ताजा, ओला भुसा जिथून येतो ते भोक शोधा. जुन्या, कोरड्या भोकात तार घालून काही हाती लागत नाही. पटाशीने भोवतालची सुटलेली साल काढा, आकडा केलेली तार आत घालून अळी बाहेर ओढा. साल काढताना खोडाला गोल फेरी मात्र मारू नका. सालीचे कडे पूर्ण निघाले तर कलम त्यानेच मरेल. अळी हाती आली नाही, तर शिफारशीतल्या कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून मगच भोक लिंपा.

औषध कोणते, हे शेजाऱ्याच्या आठवणीवर सोडू नका. बोळ्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे, तरी तोंडी सल्ल्यात ते अजून येते. सध्याची शिफारस दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून किंवा तालुका कृषी कार्यालयातून घ्या.

छाटलेल्या फांद्या आणि मेलेले कलम बागेच्या कडेला सरपण म्हणून रचून ठेवणे तर सरळ नुकसानीचे. आतल्या अळ्या त्या लाकडातच वाढ पूर्ण करतात आणि भुंगेरे होऊन शेजारच्या कलमांवर जातात. पोखरलेले लाकूड पावसाळ्याआधी जाळून टाका.