रायग्रासचे बी रानात पडू न देता

पश्चिम ऑस्ट्रेलियातील गहूपट्ट्यात मी ज्या शेतावर काम करतो, तेथे डायक्लोफॉपसारख्या तणनाशकांनी रायग्रास हे गवतासारखे तण मरेनासे झाले होते. दुसरी फवारणीही वाया गेली आणि तगलेल्या रोपांचेच बी पुढच्या हंगामात दाट उगवले. या तणाचे बरेचसे बी गव्हाच्या कापणीपर्यंत ओंबीतच टिकते, ही गोष्ट आम्ही फार उशिरा मनावर घेतली. मग जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर कापणी केली आणि हार्वेस्टरला गिरणी जोडून भुसकटातले बी तेथेच भरडले. पेरणीपूर्वी वेगळ्या रीतीने काम करणाऱ्या गटातील पायरोक्सासल्फोन हे तणनाशक फवारले, शिवाय गहू दाट पेरला, कारण त्याच्या सावलीत तणाला फुटवे कमी येतात. जमिनीतले बहुतेक बी तीन-चार वर्षांत संपते, त्यामुळे चौथ्या हंगामात कुंपणालगतची तुरळक रोपे हातानेच उपटता आली.